संगणक आणि कलाशाखेचा विद्यार्थी

बुलढाणा जिल्ह्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक ठरलेली वाटणी होते. गणितात चांगले गुण मिळविणारे मूल अभियांत्रिकीकडे पाहते, मधले विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे वळते आणि उरलेले, बहुधा खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे, कलाशाखेत जाते. संगणक हा पहिल्याचा विषय, तिसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण गृहीत धरतो. इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

'बी.ए.' या पदवीतील 'कला' हा शब्दच पाहा. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत सात मुक्त कला शिकवल्या जात : व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. 'मुक्त' अशासाठी, की त्या पोटापाण्याच्या धंद्याच्या नव्हेत, तर स्वतंत्र माणसाला शोभणाऱ्या विद्या होत्या. ज्या दोन खांबांवर आजचा संगणक उभा आहे, ते तर्क आणि अंकगणित, दोन्ही त्या काळी 'कला'च होत्या. तेव्हा संगणकाचे कलाशिक्षणाशी जुने रक्ताचे नाते आहे.

हे नाते आधुनिक काळात ज्यांनी ओळखले, त्यांत अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे दोन गणिताचे प्राध्यापक होते : जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ. डार्टमथमधील बहुसंख्य विद्यार्थी साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय घेणारे. त्या काळी संगणक म्हणजे बंद खोलीतले अवाढव्य यंत्र होते. त्याच्यापर्यंत पोहोचायचे ते मोजक्या तज्ज्ञांनीच. केमेनी यांचा विचार वेगळा होता. उद्या देशाचा कारभार हाकणारे, निर्णय घेणारे लोक या कलाशाखेच्या मुलांतूनच येणार. त्यांना हे यंत्र कळले नाही, तर ते त्याच्याविषयीचे निर्णय कसे घेणार? म्हणून या दोघांनी 'बेसिक' ही सोपी संगणकभाषा रचली आणि १ मे १९६४ रोजी ती प्रथम चालली. एकच यंत्र अनेक विद्यार्थ्यांनी एकाच वेळी वापरावे, अशी सोयही त्यांनी केली. ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढावे, तितक्या सहजतेने विद्यार्थ्याने संगणकाकडे जावे, ही त्यांची दृष्टी होती.

दुसरे नाव एका धर्मभगिनीचे आहे. १९१३ साली जन्मलेल्या सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी १९६५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत हा मान मिळविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एवढी पदवी हाती असताना त्या एखाद्या मोठ्या संशोधनसंस्थेत गेल्या नाहीत. आयोवा राज्यातील क्लार्क महाविद्यालय ही त्यांच्याच संघाने चालविलेली, त्या वेळी केवळ मुलींसाठी असलेली कलाशिक्षणाची छोटी संस्था. तेथे त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग उभा केला आणि सुमारे वीस वर्षे चालविला. संगणक सर्वांच्या हाती, विशेषतः स्त्रियांच्या हाती यावा, हा त्यांचा ध्यास होता. १९८५ साली त्या प्रभूघरी गेल्या.

त्याच १९१३ साली इटलीत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर रॉबेर्तो बुसा यांनी तर भाषेच्या अभ्यासातूनच संगणकाचे दार ठोठावले. संत थॉमस अक्विनास यांच्या लेखनातील एका साध्या शब्दयोगी अव्ययाचा माग काढता काढता त्यांना संपूर्ण ग्रंथसंपदेची शब्दसूची करण्याची निकड भासली. १९४९ साली त्यांनी आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेऊन साहाय्य मिळविले. सुमारे एक कोटी दहा लाख शब्दांचे ते काम पुढे तीस वर्षे चालले आणि १९७४ ते १९८० या काळात छप्पन्न खंडांत छापले गेले. कार्डांवर छिद्रे पाडून शब्द नोंदविण्याचे कष्टाचे काम इटलीतील तरुण मुलींनी केले. त्यांची नावे इतिहासाने फार उशिरा विचारली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलढाण्याची महाविद्यालये प्रथम १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्या छत्राखाली आली. त्याच १९८३ साली शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. एका देवस्थानाने तंत्रशिक्षणाची जबाबदारी उचलावी, ही गोष्ट थोर होती. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले विजय भटकर यांनी १९९१ साली पुण्यात 'परम' महासंगणक घडवून दाखविल्यावर तर वऱ्हाडी मुलांची छाती अभिमानाने फुगली.

परंतु याच काळात ती वाटणी पक्की झाली. अभियांत्रिकीत संगणक हा व्यवसाय झाला. विज्ञान शाखेत तो तीन ऐच्छिक विषयांपैकी एक झाला. कलाशाखेच्या मुलापर्यंत तो पोहोचला तो महाविद्यालयाबाहेर, 'एमएस-सीआयटी'च्या रूपाने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याच्या या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो मुलामुलींना प्रथमच कळफलकाला हात लावू दिला. हे ऋण मान्य करूनही सांगावे लागते, की सरकारी नोकरीसाठी पूर्वी टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागे, तसेच हेही एक प्रमाणपत्र होऊन बसले. यंत्र वापरावे कसे, हे मुलांना आले. यंत्र विचार कसा करते, त्याला कोण आणि कोणत्या हेतूने आज्ञा देतो, हे कुणी शिकविले नाही.

यात बिघडले काय? याचे उत्तरही जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १८७० साली जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. गाडी दारात आली. पण कापसाचा भाव दूर ठरत राहिला आणि तो कसा ठरतो, हे पिकविणाऱ्याला कळले नाही. आज तेच यंत्राच्या नव्या रूपाने घडते आहे. सातबारा संगणकावर आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायची असते. नोंद चुकली तर दाद कुठे मागायची, हे ज्याला समजावून सांगावे लागते, त्याच्याच घरचा मुलगा कलाशाखेत आहे. उद्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, पत्रकार होणार तोही यांतूनच. केमेनी यांनी १९६४ साली विचारलेला प्रश्न आज चिखली-मेहकरच्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे.

वाट बंद नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती सैल केल्या आहेत आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घेण्याची मुभा दिली आहे. मात्र त्याला संगणक शिकवायचा तो त्याच्याच विषयातून शिकवावा. मराठीच्या वर्गाने फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुमारे अकरा हजार ओव्यांची शब्दसूची संगणकाकडून करून घ्यावी; फादर बुसांना ज्यासाठी तीस वर्षे लागली, तसे काम आज काही आठवड्यांत होईल. इतिहासाच्या वर्गाने गावाच्या जुन्या नोंदी लावून पाहाव्यात. अर्थशास्त्राच्या वर्गाने खामगाव बाजार समितीच्या भावांचा आलेख काढावा. असे करताना तर्क आपोआप येतो आणि यंत्राची भीती जाते.

आपल्या कुटुंबांनीही एवढे करावे : मुलगी बी.ए.ला गेली म्हणून तिच्यासाठी संगणकाचे दार मिटले, असे घरात कुणी म्हणू नये. क्लार्क महाविद्यालयातील मुलींसाठी सिस्टर केलर यांनी ते दार साठ वर्षांपूर्वीच उघडले आहे. आपल्या महाविद्यालयात हा विषय कलाशाखेला का मिळत नाही, असे प्राचार्यांना विचारायला पालकांनी संकोच करू नये. प्रश्न विचारणारे पालक असले, की विभाग उभे राहतात.