तळे राखणारे

लढायांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. जमाखर्चाचा मात्र रुक्ष म्हणून बाजूला सारतो. पण माझ्यासारख्या ज्याची हयात बँकेच्या खिडकीमागे गेली, त्याला वहीची पाने पोवाड्याइतकीच रंजक वाटतात. तेव्हा वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या ह्या दिवसांत मी तुम्हांला अमेरिकेतील एका प्रचंड कर्जवाटपाची हकीगत सांगणार आहे. कर्ज देणाऱ्या बँकांच्या मदतीला बाहेरून जी मंडळी धावून आली, त्यांची ही हकीगत आहे.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीने अमेरिकेतील दुकाने, उपाहारगृहे, केशकर्तनालये धडाधड बंद झाली. गिऱ्हाईकच नाही, तर नोकरांना पगार कुठून द्यायचा? २७ मार्चला कायदा झाला आणि ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम’, म्हणजे पगार वाचवण्याची योजना, जन्मास आली. सरासरी मासिक पगाराच्या अडीचपट रक्कम, जास्तीत जास्त १ कोटी डॉलर, व्याज अवघे १ टक्का. आणि बहुतेक पैसा पगारावर खर्च केल्याचे दाखवले की मुद्दलही माफ! नावाला कर्ज, खरे पाहता ते अनुदानच.

हे काम ज्या खात्याकडे आले, ते ‘स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’ १९५३ साली स्थापन झालेले. लहान धंद्यांच्या कर्जाला सरकारने हमी द्यावी आणि पैसा बँकांनी द्यावा, ही त्याची जुनी रीत. तीच येथेही चालवली. ३ एप्रिलला अर्ज घेणे सुरू झाले आणि १६ एप्रिलला ३४९ अब्ज डॉलरांची पहिली थैली रिकामीही झाली! लगेच आणखी पैसा मंजूर करावा लागला.

इतके अर्ज बँकांतल्या नेहमीच्या कारकुनांच्या हातून उरकणे शक्यच नव्हते. मग बाहेरचे हात आले: हिशेबतपासनीस, वकील, संगणकाची आज्ञावली लिहिणारे, कंत्राटी कारकून, आणि इंटरनेटवरून अर्ज गोळा करून, कागद पाहून ते बँकेकडे पोचवणाऱ्या नव्या कंपन्या. अशा मंडळींकडून कर्जाचे काम करून घेण्याचे नियम त्या खात्यापाशी पूर्वीपासून होते; नवा होता तो कामाचा डोंगर. मध्यस्थाने अर्जदाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्याचा मेहनताना बँकेने आपल्या मेहनतान्यातून द्यायचा, असेही ठरले होते.

आता बँकेचा मेहनताना किती? साडेतीन लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर ५ टक्के, वीस लाखांपर्यंत ३, त्यापुढे १. तुम्हीच हिशेब करा. १ कोटीच्या एका कर्जावर बँकेला १ लाख डॉलर, तर एखाद्या एकट्या न्हाव्याच्या ४ हजारांच्या कर्जावर अवघे २००. कागद मात्र दोघांचेही पाहावेच लागणार. पुष्कळ बँकांनी आपल्या जुन्या खातेदारांनाच आधी आत घेतले. शेअरबाजारात नाव असलेल्या ‘शेक शॅक’ ह्या उपाहारगृहांच्या कंपनीलाही १ कोटी डॉलर मिळाले. ओरड झाली तेव्हा तिने ते परत केले. लहान माणूस दारातच तिष्ठत राहिला.

त्याला आत घेतले ते पुष्कळदा ह्या बाहेरच्या कंपन्यांनी. कृष्णवर्णीयांच्या धंद्यांना त्यांच्याकडून अधिक प्रमाणात कर्ज मिळाले, असे पुढे अभ्यासकांना आढळले. जिथे अर्ज यंत्र पाहते, तिथे अर्जदाराचा रंग पाहणारा डोळा नसतो, असे त्याचे एक कारण सांगितले गेले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण आपल्याकडे म्हण आहेच: तळे राखील तो पाणी चाखील. २०२० च्या डिसेंबरअखेर नवा कायदा झाला आणि लहान कर्ज परवडावे म्हणून मेहनताना वाढवला गेला. ५० हजारांपर्यंतच्या कर्जावर कर्जाच्या निम्मी रक्कम किंवा अडीच हजार डॉलर, यांतले जे कमी असेल ते. त्याच ४ हजारांच्या कर्जावर आता २००च्या जागी २ हजार! लहान माणूस एकाएकी सर्वांना हवासा झाला. आणि त्याच्या मागोमाग, त्याचेच सोंग घेऊन, चोरही आला.

त्याला अडवणार कोण? हमी शंभर टक्के सरकारची. अर्जदाराने शपथेवर लिहून दिलेल्यावर विसंबण्याची बँकेला मुभा. बँक मध्यस्थाकडे पाहणार, मध्यस्थ बँकेकडे. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. ‘ब्लूएकॉर्न’ ह्या मध्यस्थ कंपनीला १ अब्ज डॉलरांहून अधिक मेहनताना मिळाला आणि लबाडी रोखण्यावर तिने त्यातला १ टक्काही खर्चला नाही, असे त्यात नमूद आहे. २०२१ च्या मेअखेर योजना संपली तोवर सुमारे ८०० अब्ज डॉलर वाटून झाले होते. त्यांतले ६४ अब्ज लबाडीत गेले असावेत, असा अंदाज त्या खात्याच्याच महानिरीक्षकाने २०२३ साली मांडला. खटले भरण्याची मुदत दहा वर्षे करणारा कायदा २०२२ साली झाला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मध्यस्थांना शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्यावाचून कित्येक खऱ्या दुकानदारांच्या नोकरांना त्या उन्हाळ्यात पगार मिळाला नसता. माझे बोट आहे ते दरपत्रकाकडे. मंजूर होऊन पैसा हाती पडलेल्या प्रत्येक अर्जाचा मेहनताना कायद्याने ठरवून दिला होता. खोटा अर्ज ओळखून बाजूला ठेवणाऱ्या कारकुनाच्या त्या अर्ध्या तासाला मात्र कुणी काही देऊ केले नव्हते. मदत तातडीची असली तरी हा अर्धा तास कुणाला तरी द्यावाच लागतो, आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात.