अमेरिकेतलं 'सीनियर पोर्ट्रेट' म्हणजे काय? फोटोसेशनची तयारी कशी करायची?

अमेरिकेत बारावीच्या विद्यार्थ्याला 'सीनियर' म्हणतात. शाळेच्या या शेवटच्या वर्षी त्याचा खास फोटो काढतात, तेच सीनियर पोर्ट्रेट. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना मात्र बारावीचा फोटो म्हटलं की परीक्षेच्या फॉर्मवरचा पासपोर्ट साइज फोटो किंवा निरोप समारंभाचा ग्रुप फोटो आठवतो. म्हणूनच इथे गोंधळ होतो.

फोटो एक की दोन?

बऱ्याचदा दोन. पहिला इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक स्मरणपुस्तकासाठी. त्याचे नियम आणि मुदत शाळा ठरवते. अनेक शाळांचा स्टुडिओही ठरलेला असतो. मुदत चुकली तर पुस्तकात नुसतं नाव येऊ शकतं. दुसरा फोटो हौसेचा: फोटोग्राफर, जागा, कपडे सगळं तुमच्या पसंतीचं. त्यामुळे बाहेरचं सेशन बुक करण्याआधी शाळेचं पत्रक वाचा.

कपड्यांचे नियम का तपासायचे?

इयरबुकसाठी मुलींना खांद्यावरून काळं कापड आणि मुलांना टक्सिडो, ही जुनी पद्धत. २०१० मध्ये मिसिसिपीतल्या एका शाळेने टक्सिडो घातलेल्या विद्यार्थिनीचा फोटो इयरबुकमध्ये छापला नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. आता अनेक शाळा निवड विद्यार्थ्यावर सोडतात. तरी आधी विचारून घ्या.

तयारी कशी करायची?

• अनेक जण बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात किंवा शरद ऋतूच्या सुरुवातीला फोटो काढतात. सूर्यास्ताआधीचा तासभर प्रकाश मऊ असतो.
• केस आठवडा-दोन आठवडे आधी कापा. नवं क्रीम किंवा फेशियल आदल्या दिवशी नको.
• दोन-तीन कपडे इस्त्री करून न्या. बारीक रेघांचा शर्ट टाळा. कॅमेऱ्यात त्यावर लहरी दिसू शकतात.
• उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर साध्या काचांचा सोबत ठेवा.
• आवडीची वस्तू न्या: बास्केटबॉल, व्हायोलिन, तबला. पैठणी नेसायची असेल तर फोटोग्राफरला आधी सांगा, कारण जर चमकते.

खर्च कुठे वाढतो?

सेशनची फी वेगळी आणि प्रिंट किंवा डिजिटल फाइलचे पैसे वेगळे, असं अनेकदा असतं. ठरवण्याआधी एकूण आकडा लेखी घ्या. शाळेच्या स्टुडिओत फोटो काढला म्हणून महागडं पॅकेज घ्यावंच लागतं असं सहसा नसतं.

इन्स्टाग्रामवर टाकता येतो का?

पैसे तुम्ही दिले तरी अमेरिकेत फोटोचा कॉपीराइट सहसा फोटोग्राफरकडेच राहतो. पोस्ट करायची, फिल्टर लावायची, बाहेरून प्रिंट काढायची परवानगी करारात आहे का, ते सही करण्याआधी बघा. फोटोग्राफर तुमच्या मुलाचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का, हेही तेव्हाच विचारा.