विकणे आहे : इमारत, परवाना आणि बैठक

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत 'विकणे आहे' या दोन शब्दांखाली शेतजमीन, प्लॉट, ट्रॅक्टर, चालू स्थितीतील पिठाची गिरणी अशा ओळी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. आता मोठ्या शहरांच्या बाजारात आणखी एक माल आला आहे : जुनी ऐतिहासिक वास्तू, जीर्णोद्धार केलेली, आत रेस्टॉरंट आणि बार, परवान्यासह विकणे आहे. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळासाठी राखून ठेवला होता. तो हॉटेलाला लागला याचे हसू येते, पण ते क्षणभरच. कारण प्रश्न गंभीर आहे. अशा व्यवहारात नेमके काय विकले जाते? जागा, इमारत, परवाना आणि नाव या चार गोष्टी खरेदीखतात बसतात. पण जिच्यामुळे ती वास्तू 'ऐतिहासिक' झाली, ती पाचवी गोष्ट कुठल्या कागदावर लिहायची?

आदिलाबादच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. पिण्याची जागा, तिच्यावरचा सरकारी शिक्का आणि तिच्याभोवती जमणारी माणसे यांचा इतिहास आपल्या जिल्ह्याइतका उघडावाघडा क्वचितच कुठे पाहायला मिळेल.

आपल्याकडे पिण्याच्या जागेला मुळात इमारतच नव्हती. मोहाचे झाड होते. मराठीत मोह, तेलुगूत इप्प. गोंडांच्या घरी मोहाची दारू ही देवाला आणि पाहुण्याला द्यायची वस्तू. शिंदीच्या झाडाचा रस मराठीत शिंदी, हैदराबादी उर्दूत सेंधी आणि तेलुगूत कल्लू. एकाच मडक्याला तीन नावे, आणि तिन्ही नावे कळणारी माणसे एकाच गावात. निजामी अमलात या साऱ्यावर 'आबकारी' बसली. झाडावर कर आला, विक्रीचा मक्ता आला आणि मक्तेदाराचे दुकान आले. झाडाखालची बैठक अशी कलालाच्या दुकानात शिरली. आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. म्हणजे दारूच्या दुकानाला किंमत आली ती भिंतींमुळे नव्हे, परवान्यामुळे.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. नांदेडकडचा मुधोळ-भैंसा भाग आंध्र प्रदेशात राहून आदिलाबादला जोडला गेला. कालपर्यंत एका कलेक्टराखाली नांदणारी गावे दोन सरकारांच्या दारूधोरणांत वाटली गेली. त्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. १६ जानेवारी १९९५ रोजी एन. टी. रामाराव सरकारने आंध्र प्रदेशात दारूबंदी आणली. आदिलाबादची दुकाने बंद झाली आणि किनवटची चालू राहिली. १९९७ साली चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने ती बंदी उठवली. नंतर फासे उलटे पडले. १ एप्रिल २०१५ पासून महाराष्ट्र सरकारने चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी केली. आता राजुऱ्याचे बार बंद आणि आसिफाबादचे चालू. २०२१ साली ती बंदीही उठली. इमारती होत्या तिथेच होत्या. एका फर्मानाने त्या ओसाड झाल्या आणि दुसऱ्या फर्मानाने पुन्हा गजबजल्या. बारची इमारत विकत घेणारा माणूस विटांबरोबर सरकारची मर्जीही विकत घेत असतो, हे सीमेवरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात गेलेल्या आपल्या सोयऱ्यांच्या गावी 'परमिट रूम' अशी पाटी दिसते.  हा शब्द दारूबंदीच्या पोटी जन्मला. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. मोरारजी देसाई गृहमंत्री होते आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. फ्रामजी बलसारा या मुंबईच्या गृहस्थांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा शाबूत ठेवला. १९५९ मध्ये हा कायदा मराठवाडा-विदर्भासह विस्तारित राज्याला लावण्यात आला. साठच्या दशकात सरकारने हात सैल सोडला, तरी कायदा रद्द केला नाही. पिणाऱ्याजवळ परवाना हवा आणि परवानेवाल्याने बसावे अशी खोली हवी. ती खोली म्हणजे परमिट रूम. परवाना मागे पडला, पाटी मात्र राहिली. आज तिथे बसणाऱ्या शंभरांतल्या किती जणांच्या खिशात परमिट असते, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

आता रेस्टॉरंटकडे वळू. ज्या जुन्या वास्तूंच्या नावाने आज गहिवर येतो, त्यांतल्या कितीतरी इराण्यांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द-करमानकडून माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला आली. मुंबई-पुण्याकडे आलेले बहुतेक झरतुष्ट्री होते, तर हैदराबादेत आलेल्यांत शिया मुसलमान अधिक. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा व्यापारी अशुभ मानून टाळत, ती इराण्यांनी स्वस्तात घेतली, असे सांगतात. कोपऱ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते हे त्यांनी ओळखले. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यामागे काचेच्या बरण्या. मुंबईत धोबी तलावाचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. हैदराबादेत आबिद रोडचे ग्रँड हॉटेल १९३५ चे. आपल्या जिल्ह्यातला माणूस कोर्टकचेरीला, दवाखान्याला, परीक्षेला हैदराबादला गेला की त्याची पहिली ओळख होई ती या हॉटेलांतल्या चहाशी आणि उस्मानिया बिस्किटाशी.

पण इराण्याचे मोठेपण चहात नव्हते, टेबलात होते. त्या काळी आपल्याकडे चहाची दुकानेही जातीने वाटलेली होती. कुठे 'हिंदू विश्रांतिगृह', कुठे बाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी आणि ती पिणाऱ्यानेच विसळून ठेवायची. इराणी या चौकटीबाहेरचा माणूस. त्याला गिऱ्हाइकाची जात कळत नव्हती आणि कळून फायदाही नव्हता. म्हणून त्याच्या टेबलावर गिरणीकामगार, वकील, पोलीस आणि बेकार पदवीधर एका कपाच्या भाड्यात तासभर बसू शकत. हे काही त्याने समाजसुधारणेसाठी केले नाही, धंद्यासाठी केले. पण फळ सुधारणेचेच निघाले.

टेबलाचा हा प्रश्न किती खोल होता याची साक्ष प्रत्यक्ष राज्यघटना देते. पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही कुठे मज्जाव करता येणार नाही, हे सांगताना दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची स्थाने यांचा नावाने उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव घालावे लागले! मुंबईत काळा घोडा भागात वेसाइड इन नावाचे उपाहारगृह होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बसत आणि घटनेसंबंधीचे काही लेखन त्यांनी तिथल्या टेबलावर केले, असे सांगितले जाते. पुढे कवी अरुण कोलटकरांनी त्याच उपाहारगृहात बसून समोरचा रस्ता वर्षानुवर्षे न्याहाळला. त्यातून झालेला त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह २००४ साली निघाला, त्यांच्या निधनाच्याच वर्षी. तोवर वेसाइड इन बंद पडले होते आणि जागेत दुसरे हॉटेल आले होते. हैदराबादच्या आबिद रोडवरच्या ओरिएंट हॉटेलची गत याहून वाईट. मखदूम मोहिउद्दीन आणि त्यांच्या सोबतचे शायर, पत्रकार, कामगार पुढारी यांची ती बैठक. आज तिथे हॉटेल नाही, दुकाने आहेत.

ही घरे विकली का जातात? भावनेने याचे उत्तर सापडत नाही, हिशेबाने सापडते. एका हॉटेलात चार भागीदार, त्यांची चौदा मुले, त्यांतली दहा परदेशी. मुंबईसारख्या ठिकाणी जागा भाड्याची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले, म्हणून हॉटेल टिकले. आणि भाडे गोठले म्हणूनच घरमालकाने इमारतीला हात लावला नाही. एकाच कायद्याने टेबल वाचवले आणि छप्पर गळके ठेवले. चहावर तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा बिअर घेणारे गिऱ्हाईक अधिक देते, म्हणून कित्येक इराण्यांनी बिअरचा परवाना काढला. तेही पुरले नाही तेव्हा जागा विकणे आले. यात कोणाला दोष द्यावा असे काही नाही. म्हाताऱ्या मालकाने आपली पुंजी आपल्या आठवणींसाठी गोठवून ठेवावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

मग उरतो जीर्णोद्धार. त्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. मुंबईचे वॉटसन हॉटेल १८७१ साली सुरू झाले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र हिंदुस्थानात प्रथम दाखवले गेले ते याच हॉटेलात. हॉटेल बंद झाले, खोल्यांची कचेऱ्यांत आणि बिऱ्हाडांत वाटणी झाली आणि २०१९ मध्ये इमारत धोक्याची म्हणून माणसांना बाहेर काढावे लागले. वारसायादीत नाव असून डागडुजीवाचून वास्तू कशी मरते, त्याचा हा नमुना.

दुसरी तऱ्हा लंडनची. तिथे २०१० साली सुरू झालेल्या 'डिशूम' नावाच्या उपाहारगृहांनी मुंबईच्या इराण्याचे रूप उचलले. त्यांतले एक किंग्ज क्रॉस भागात रेल्वेच्या जुन्या मालगोदामात आहे आणि त्यांच्या बारचे नाव चक्क 'परमिट रूम'! मोरारजीभाईंच्या कायद्याने घडवलेला शब्द साहेबाच्या देशात मद्यालयावर झळकतो आहे. खुर्च्या तशाच, आरसे तसेच. फक्त एका चहावर तासभर बसणारा बेकार पदवीधर तिथे परवडत नाही.

तिसरी तऱ्हा आपल्या राजधानीतली. हैदराबादचा मोअज्जम जाही बाजार १९३५ चा, दगडी, घड्याळाच्या मनोऱ्याचा. मोडकळीस आलेली ही वास्तू सरकारने दुरुस्त केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ती नव्या रूपात खुली झाली. घड्याळ सुरू झाले, कमानी स्वच्छ झाल्या, आणि मुख्य म्हणजे १९५१ पासून तिथे असलेले आइस्क्रीमचे दुकान तिथेच राहिले. परगावच्या कुटुंबाने अंगणात खुर्ची ओढून बसावे ही रीत मोडली नाही. दगड दुरुस्त झाला आणि बैठकही वाचली.

याच कसोटीवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पाचवी गोष्ट म्हणजे बैठक : कोणीही यावे, कोणत्याही भाषेत मागावे, कोणाच्याही शेजारी बसावे आणि कोणी उठवू नये. ती खरेदीखतात बसत नाही, कारण ती मालकाच्या मालकीची नसतेच. ती गिऱ्हाइकांनी घडवलेली असते. म्हणून नव्या मालकाने टेबल ठेवले आणि माणसे बदलली, तर त्याने सामान घेतले, इतिहास घेतला नाही. उलट भिंती बदलल्या आणि रीत टिकली, तर इतिहास चालू राहिला असे खुशाल समजावे.

१९५६ साली आपलीही अशीच खरेदीखते झाली. तालुके या वहीतून त्या वहीत गेले; पाट्यांची लिपी बदलली. तरी आदिलाबाद, भैंसा, किनवट, राजुरा या गावांतल्या चहाच्या हॉटेलात आजही एकाच बाकावर मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारी माणसे बसतात आणि पोऱ्या चौघांना चार भाषांत उत्तर देतो. ती आपली ऐतिहासिक वास्तू. तिला वारसायादीत स्थान नाही, मिळण्याची चिन्हेही नाहीत. निदान आपण एवढे करावे : गावातले जुने हॉटेल कधी निघाले, पाटीवर कोणत्या भाषा होत्या, वेगळी कपबशी खुंटीवरून कधी उतरली आणि ती कोणी उतरवायला लावली, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. इमारतीला भाव आला की ती विकली जाणारच. विकली जाईल त्या दिवशी, काय विकले गेले नाही हे सांगणारा एक तरी कागद गावात असावा.