अनुपानाचा प्रश्न : कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि अन्नपान

औषधाबरोबर अथवा औषधानंतर जे प्यावयाचे वा चाटावयाचे, त्यास आयुर्वेदाने ‘अनुपान’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली असून मध, तूप, उष्णोदक यांपैकी कोणते केव्हा योजावे याचा विचार चिकित्सेचाच एक भाग मानला आहे. आधुनिक औषधशास्त्रात मात्र अन्नपानाकडे दीर्घकाळ औषध पोटात पोहोचविण्याची एक सोय म्हणूनच बहुधा पाहिले गेले. ही दृष्टी कशी पालटली, हे रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते. ‘जेवणाबरोबर घ्यावे’ ही सूचना सर्वत्र सारख्याच शब्दांत दिली जात असली, तरी तिच्यामागील कारणे औषधागणिक भिन्न आहेत. आणि ती एकमेकांत मिसळली की सूचनेचा अर्थच हरवतो.

१९५५ मध्ये कॅनडातील आल्टशूल, हॉफर व स्टीफन यांनी निकोटिनिक आम्लाच्या मोठ्या मात्रेने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, असे दाखविले. हे औषध जेवणाबरोबर देण्याचा हेतू रुग्णाला ते सोसावे, जठरास त्रास कमी व्हावा, एवढाच होता. कोलेस्टिरामिन या राळसदृश पुडीची गोष्ट निराळी. ती रक्तात शोषली जात नाही. आतड्यातील पित्ताम्लांना बांधून शरीराबाहेर नेते आणि त्यांची भरपाई करण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. पित्त अन्नाबरोबर आतड्यात उतरते, म्हणून जेवणाच्या वेळेला येथे खरा अर्थ आहे. परंतु ही पूड इतर औषधांनाही बांधून ठेवते; त्यामुळे ती औषधे तिच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात. पाण्यात वा फळांच्या रसात कालवूनही तिचा खरखरीतपणा जात नसे. अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हृद्‌रोगाचे प्रसंग १९ टक्क्यांनी घटले. मात्र अनेकांनी नेमून दिलेल्या २४ ग्रॅमहून पुष्कळ कमी पूड घेतली होती, आणि ज्यांनी अधिक घेतली त्यांना लाभही अधिक झाला. अशा रीतीने घशाखाली उतरण्याचा साधा प्रश्न उपचाराच्या फळाशी निगडित झाला.

यानंतरचे पर्व जपानमध्ये सुरू झाले. आकिरा एन्दो यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून कॉम्पॅक्टिन वेगळे केले. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखणारे हे पहिले स्टॅटिन होय. पुढे १९७९ मध्ये त्यांनी मोनास्कस जातीच्या बुरशीतून मोनाकोलिन-के मिळविले. चीनमध्ये तांबडा तांदूळ आंबविण्यासाठी शतकानुशतके वापरली जाणारी बुरशी याच कुळातील. तोच रेणू अमेरिकेत दुसऱ्या एका बुरशीतून स्वतंत्रपणे सापडला होता व १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या नावाने औषध म्हणून मान्य झाला. अन्न आणि औषध यांतील सीमारेषा येथे मुळातच पुसट होती.

लोव्हास्टॅटिन सायंकाळच्या जेवणाबरोबर घेण्याची सूचना मोजमापावर आधारलेली होती. उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील त्याच्या परिणामकारक अंशाची पातळी जेवणानंतरच्या पातळीच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते. शिवाय शरीरात कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते. याउलट प्राव्हास्टॅटिनचे शोषण अन्नाने घटते, तरीही कोलेस्टेरॉलवरील परिणामात फरक पडत नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दीर्घकाळ टिकणारे असल्याने ते दिवसा केव्हाही, जेवणासह वा जेवणाविना घेता येते.

सर्वांत मोठा धक्का अनपेक्षित दिशेने बसला. कॅनडातील डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन आणि मद्य यांचा परस्परसंबंध तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस योजला. हा प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेहून बरीच अधिक आढळली, आणि ती मद्याविना घेतलेल्या रसानेही वाढलेली होती. १९९१ मध्ये त्यांनी दाखविले की, पाण्याच्या तुलनेत या रसाने औषधाचे रक्तातील प्रमाण सरासरी २८४ टक्के होते; संत्र्याच्या रसाने तसे होत नाही. निरुपद्रवी म्हणून निवडलेला पदार्थच कर्ता ठरला.

कारण पुढे उलगडले. या रसातील फ्युरानोकुमारिन द्रव्ये आतड्याच्या भित्तिकेतील सीवायपी ३ए४ हे विकर निकामी करतात. एरवी जे औषध तेथेच विघटित व्हावयाचे, ते मोठ्या प्रमाणात रक्तात जाते. १९९८ मध्ये हेलसिंकी येथील संशोधकांनी दुप्पट तीव्रतेचा रस दिवसातून तीनदा देऊन लोव्हास्टॅटिनचे प्रमाण सुमारे १५ पट वाढल्याचे नोंदविले. १९९९ मधील दुसऱ्या प्रयोगात मात्र सकाळी साध्या रसाचा एकच पेला व सायंकाळी औषध दिले असता औषधाच्या क्रियाशील अंशात वाढ जेमतेम एक-तृतीयांश झाली. २००४ मध्ये साध्या रसाचा रोज एक पेला तीन दिवस देऊन त्यासोबत सिम्व्हास्टॅटिन दिले, तेव्हा वाढ ३.६ पट आढळली. हे निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. रसाची तीव्रता, मात्रा व वेळ यांचा तो भेद आहे. तथापि विकर नव्याने निर्माण व्हावे लागत असल्याने परिणाम २४ तासांनंतरही अंशतः उरतो. केवळ वेळ बदलल्याने तो पूर्णतः टळत नाही.

येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. लोव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन यांची पातळी बेसुमार वाढल्यास स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका वाढतो. उलट हा धोका सर्वच स्टॅटिनांना सारखाच लावल्यास रुग्ण विनाकारण भयभीत होतो आणि हितकारक औषध सोडून देतो. प्राव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन यांचे विघटन मुख्यतः या विकरावर अवलंबून नाही. महाराष्ट्रात ग्रेपफ्रूट फारसे खाल्ले जात नसले, तरी ज्या पपनसाच्या संकरातून ते उत्पन्न झाले, ते येथे परिचित आहे, आणि फ्युरानोकुमारिने त्यातही आढळतात. यास्तव औषध कोणते, सोबतचा पदार्थ कोणता आणि किती, हे तिन्ही प्रश्न प्रत्येक वेळी वेगळे विचारले पाहिजेत. अनुपान हा चिकित्सेचाच भाग होय, हे तत्त्व आधुनिक औषधशास्त्राला आपल्या मार्गाने, मोजमापाच्या आणि एका योगायोगाच्या साहाय्याने, नव्याने स्वीकारावे लागले.