तीस सेकंदांचं पान: झोप मोजायची पद्धत आली कुठून?

झोपेच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक नियम सांगतात. रात्रभराचा रेकॉर्ड तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचायचा आणि प्रत्येक तुकड्याला एकच नाव द्यायचं: जाग, एन-१, एन-२, एन-३ किंवा रेम. आठ तासांचा रेकॉर्ड म्हणजे ९६० तुकडे. हे शिकताना माझ्या डोक्यात आलेला प्रश्न अगदी साधा होता. तीसच का? मेंदूत दर तीस सेकंदांनी काही बदलतं का?

काहीही बदलत नाही. उत्तर शरीरशास्त्रात नाही, कागदात आहे. पूर्वी मेंदूच्या लहरी शाईच्या पेनांनी सरकत्या कागदावर उमटायच्या. कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकायचा आणि पान साधारण ३० सेंटिमीटर रुंद असायचं, म्हणून एक पान भरायला तीस सेकंद लागायचे. वेग १५ मिलिमीटर ठेवला तर तेच पान वीस सेकंदांत भरायचं. जुन्या शोधनिबंधांत वीस सेकंदांचे तुकडे दिसतात ते यामुळेच. आज कागद नाही, पेन नाही, पण स्क्रीनवर ते पान तसंच आहे. आपण मुलांना ते ‘एपॉक’ म्हणून शिकवतो, जणू निसर्गाचंच एकक!

या कागदाने आणखी एक गोष्ट केली. झोपेतला सगळ्यात चमत्कारिक भाग त्याने बरीच वर्षं झाकून ठेवला.

जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची विद्युत लहर नोंदवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यानंतर आठ वर्षांत, १९३७ मध्ये, आल्फ्रेड लूमिस या माणसाने दोन सहकाऱ्यांबरोबर झोपेचे ए ते ई असे पाच टप्पे मांडले. लूमिस वॉल स्ट्रीटवर गडगंज पैसा कमावलेला माणूस. न्यूयॉर्कजवळ टक्सेडो पार्कमध्ये त्याने स्वतःची खासगी प्रयोगशाळा थाटली होती. त्याला कागदाची चिंता नव्हती, त्यामुळे रात्रभराची नोंद त्याला परवडायची. तरीही रेम झोप त्याच्या हातून निसटली, कारण रेममधल्या लहरी बारीक आणि वेगवान असतात. नुसती मेंदूची नोंद पाहिली तर त्या हलक्या झोपेसारख्याच दिसतात, आणि डोळ्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं. इतरांची अडचण वेगळी होती. सेकंदाला १० मिलिमीटर या वेगाने आठ तासांत २८८ मीटर कागद लागतो. म्हणून बरेच जण अधूनमधून थोडा वेळ मशीन चालवायचे आणि बंद करायचे. झोपलेल्या माणसात काही घडतच नाही, तर कागद कशाला वाया घालवायचा, हे त्यामागचं गृहीतक.

हे गृहीतक मोडलं ते शिकागो विद्यापीठात, आणि मोडणारा होता एक पीएचडीचा विद्यार्थी. युजीन ॲसेरिन्स्की यांच्याकडे धड पदवीही नव्हती. बायको, मुलगा आणि पैशांची ओढाताण मात्र होती. त्यांचे गाइड नॅथॅनियल क्लाइटमन म्हणजे झोपेच्या अभ्यासातलं मोठं नाव. १९३८ मध्ये हे गृहस्थ एका विद्यार्थ्यासह केंटकीच्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले होते, २८ तासांचा दिवस शरीराला मानवतो का ते बघायला. क्लाइटमननी ॲसेरिन्स्कींना दिलेला विषय होता तान्ह्या बाळांच्या पापण्यांची हालचाल. कोणालाही कंटाळा येईल असाच!

पुढे ॲसेरिन्स्कींना इमारतीत धूळ खात पडलेलं एक जुनं ऑफनर डायनोग्राफ मशीन सापडलं. त्याचे इलेक्ट्रोड १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, लावले आणि त्याला झोपवलं. मध्येच पेनं जोरात हलायला लागली. मुलगा उठला असं समजून ते खोलीत गेले, तर तो गाढ झोपलेला.

इथे थोडं थांबून मशीन काय मोजत होतं ते बघू. डोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे बुबुळ, मागच्या पडद्याच्या तुलनेत धन भारित असतो. डोळा ज्या बाजूला वळेल, त्या बाजूच्या इलेक्ट्रोडजवळ धन भार सरकतो. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपाशी एकेक इलेक्ट्रोड लावला, तर डोळे उजवीकडे वळल्यावर एक रेघ वर जाते आणि दुसरी खाली. मेंदूची मोठी लहर डोळ्यांच्या नोंदीत मिसळली तर दोन्ही रेघा एकाच दिशेने जातात. खरी हालचाल आणि भेसळ आजही आपण याच खुणेने वेगळी करतो.

ॲसेरिन्स्कींचा पहिला संशय मशीनवरच होता, आणि तो रास्त होता, कारण मशीन खरोखर भरवशाचं नव्हतं. प्रत्येक डोळ्याची वेगळी नोंद, झोपलेल्यांचं थेट निरीक्षण, चित्रफीत, असे पुरावे जमवत ते पुढे गेले. क्लाइटमन इतके सावध की त्यांनी स्वतःच्या मुलीवर, एस्थरवर, प्रयोग करून स्वतः पाहिलं आणि मगच होकार दिला. सप्टेंबर १९५३ मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला. डोळे हलत असताना २७ वेळा उठवून विचारलं, तेव्हा २० वेळा लोकांनी स्वप्न तपशीलवार सांगितलं. डोळे स्थिर असताना २३ वेळा विचारलं, तर १९ वेळा काहीच आठवलं नाही. आकडे लहान आहेत, पण फरक बघा!

ॲसेरिन्स्की मात्र पीएचडी झाल्यावर सिअ‍ॅटलला गेले आणि सामन माशांवर विजेच्या प्रवाहाचा परिणाम अभ्यासू लागले. नोकरी तिथे मिळाली, एवढंच. रेमचं काम पुढे नेलं विल्यम डिमेंट यांनी. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जुव्हे यांनी मांजरांमध्ये दाखवलं की या झोपेत स्नायू पूर्ण ढिले पडतात. मेंदू, डोळे आणि हनुवटीखालचा स्नायू ही आजची तीन नोंदींची मांडणी अशी तुकड्यातुकड्यांनी जमली. १९६८ मध्ये रेक्टशाफेन आणि केल्स यांच्या समितीने तिचे नियम छापले.

त्या नियमांत गाढ झोपेच्या लहरीची उंची किमान ७५ मायक्रोव्होल्ट ठरली. २००७ च्या नव्या मॅन्युअलने तिसरा आणि चौथा टप्पा एकत्र करून एन-३ केला, पण ७५ चा आकडा तसाच ठेवला. आता, वय वाढतं तशी या लहरींची उंची कमी होते. सत्तरीच्या माणसाच्या लहरी संथ असूनही ७४ वर अडल्या तर त्या मोजल्याच जात नाहीत. म्हातारपणी गाढ झोप उरत नाही असं आपण सहज म्हणतो. त्यातलं शरीराचं किती आणि पट्टीचं किती, हे मला तरी अजून सुटलेलं कोडं वाटतं.

श्वासाची मोजणी आली नंतर. १९६५ मध्ये मार्सेय इथे गास्तो आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, अतिस्थूल आणि दिवसा पेंगणाऱ्या रुग्णांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा थांबतो हे नोंदवलं. त्याआधी दिवसाच्या पेंगुळण्याचा दोष रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला दिला जायचा. रुग्ण रात्री कसा झोपतो हे फारसं कोणी मोजलं नव्हतं. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलेमिनो यांच्या गटाने निकष मांडला: सात तासांच्या झोपेत किमान ३० वेळा श्वास थांबला तर तो आजार. आजचा ‘तासाला पाच’ हा उंबरठा त्याच्या जवळपासच आहे. दहा सेकंद श्वास बंद असेल तर एक घटना मोजायची, हेही तेव्हापासूनचं.

खरी पंचाईत होते ती श्वास पूर्ण बंद न होता नुसता मंदावला तर. २०१२ च्या नियमांनुसार श्वासाचा प्रवाह ३० टक्के घटला आणि सोबत ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा मेंदूला क्षणभर जाग आली, तर घटना मोजा. अमेरिकेची मेडिकेअर विमा योजना मात्र ऑक्सिजन ४ टक्के उतरल्याशिवाय घटना धरत नाही. समजा, सात तासांच्या झोपेत पहिल्या नियमाने ४९ घटना भरल्या, म्हणजे तासाला सात. दुसऱ्या नियमाने त्यातल्या २१ उरल्या, म्हणजे तासाला तीन. माणूस तोच, रात्रही तीच. एका कागदावर तो आजारी, दुसऱ्यावर ठणठणीत.

घरी लावायच्या छोट्या मशीनमध्ये ही गुंतागुंत वाढते. बहुतेकांत मेंदूची नोंदच नसते, त्यामुळे ‘क्षणभर जाग’ दिसत नाही. माणूस किती तास झोपला तेही कळत नाही, म्हणून घटनांना भागतात मशीन चालू असलेल्या तासांनी. दोन तास कूस बदलत पडलेल्या माणसाचा आकडा आपोआप खाली येतो.

म्हणून झोपेवरचा कुठलाही निबंध हातात आला की मी निष्कर्ष बाजूला ठेवून आधी पद्धतीच्या भागात तीन गोष्टी शोधतो: ३ टक्के की ४, जाग धरली की नाही, आणि भागाकार कोणत्या तासांनी केला. दोन अभ्यासांतली ‘स्लीप ॲप्निया’ची टक्केवारी शेजारी ठेवायची असेल, तर ही तिन्ही उत्तरं जुळायला हवीत. ती जुळत नसतील तर मी माझ्या तक्त्यात ते दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो.