धान, गिरणी आणि टाक

मागच्या महिन्यात ऑफिसात माझा पोपट झाला. एका तक्त्यातला आकडा पाहून मी नवीन सर्व्हर घ्यायला लावला आणि आमच्या कामावर तो जुन्यापेक्षा हळू निघाला. त्याच विचारात तुमसरजवळच्या आमच्या गावी गेलो. राईस मिलवर बसलो असताना सहज विचारलं, "काका, तुमची मिल जोरात का पलीकडची?"

"अबे, धान कोणता ते सांग आधी. सुकला का ओला? अन् कणी किती पडली, ते कोण पाहील?"

मला एकदम 'टाक' आठवलं!

आर्टिफिशियल इंटेलिजन्सवाल्यांची लाडकी भाषा तेव्हा लिस्प होती. एकीकडे सिम्बॉलिक्ससारख्या कंपन्यांची खास लिस्पसाठी बनवलेली महागडी मशिन्स, दुसरीकडे साधे व्हॅक्स. जोरात कोण? त्यासाठी जो तो 'टाक' चालवून बघायचा. हे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं चार-पाच ओळींचं फंक्शन. मूळ फंक्शन जपानच्या इकुओ ताकेउची यांचं. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी ते आठवणीतून सांगताना वायच्या जागी झेड केला, आणि ती चूकच जगभर चालली! 18, 12, 6 दिले की उत्तर येतं 7, पण तेवढ्यासाठी 63,609 कॉल होतात.

गंमत अशी, की यात फक्त कॉल आणि वजाबाकी. मेमरीला जवळजवळ हातच लागत नाही. खऱ्या लिस्प प्रोग्रॅमचा निम्मा जीव तर याद्या बनवण्यात आणि नंतरचा कचरा उचलण्यात जातो.

रिचर्ड गॅब्रियल यांनी हे नीट मांडलं. अनेकांनी आपापल्या मशीनवर टेस्ट चालवून वेळा कळवल्या आणि 1985 मध्ये एमआयटी प्रेसने त्यांचं पुस्तक काढलं. त्यात टाकचेच वेगवेगळे अवतार आहेत. 'टाकल'मध्ये आकड्यांऐवजी याद्या, 'स्टाक'मध्ये डायनॅमिक व्हेरिएबल्स. शिवाय प्रमेयं सिद्ध करणारी 'बॉयर' टेस्ट, ती याद्यांचा फडशा पाडते. तक्त्यात प्रोसेसरचा वेळ वेगळा, कचरा उचलण्याचा वेगळा. म्हणजे काकांची कणी!

त्याच व्हॅक्सवर, त्याच टाकमध्ये, "हे आकडे छोटे पूर्णांकच आहेत" एवढं कंपायलरला सांगितलं की वेळ काही पटींनी कमी व्हायचा. मग आपण मोजलं काय? मशीन, कंपायलर, का लिहिणाऱ्याची हुशारी?

गॅब्रियल स्वतः 1984 मध्ये सुरू झालेल्या ल्युसिड या लिस्प कंपनीचे संस्थापक. तरी तक्त्यांच्या आधी त्यांनी, लिस्प आतून कशी चालते आणि वेळ कुठे जातो, हे पानंच्या पानं समजावलं. नंबर लावून मोकळे झाले नाहीत. मी मात्र तक्त्यावरचं पहिलं नाव उचललं.

आज माझ्या लॅपटॉपवर टाक एंटरवरून बोट उचलायच्या आत संपतं. त्यावरून आमचा सर्व्हर कसा चालेल, ते काही कळत नाही.

असो. पुढच्या खेपेला आपला धान सोबत घेऊनच गिरणी पाहायला जाईन.