कन्व्हर्टिबल गाडीचं कापडी छत: गळतं का, फाटतं कुठे आणि दुरुस्त कसं होतं

कन्व्हर्टिबल म्हणजे जिचं छत उघडता-मिटता येतं अशी गाडी. काही मॉडेल्समध्ये हे छत पत्र्याचं असतं, पण बऱ्याच गाड्यांत ते कापडाचंच असतं. आपल्याकडे त्याला हूड किंवा टप म्हणतात. रिक्षाचं हूड जवळून पाहिलं असेल तर मूळ कल्पना तुम्हाला माहीतच आहे: खाली दुमडणारा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. फरक एवढाच, की कन्व्हर्टिबलचं हूड ताशी १०० किमी वेगाला फडफडता कामा नये आणि मुसळधार पावसात आत थेंबही येता कामा नये.

भारतात २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारमध्ये (ही गाडी नाशिकला बनते) हाताने दुमडायच्या कापडी छताचा पर्याय होता. मिनी कूपर कन्व्हर्टिबलमध्ये बटण दाबलं की छत आपोआप उघडतं. पण दुरुस्ती समजून घ्यायला सगळ्यात सोपी गाडी म्हणजे जपानची माझदा एमएक्स-५. १९८९ पासून ती बनतेय, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, आणि तिचं मूळ छत पूर्णपणे हाताने चालणारं आहे. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना जुनी एमएक्स-५ रस्त्यावर सहज दिसेल. म्हणून पुढची बरीच उदाहरणं तिचीच आहेत.

आधी मुख्य मुद्दा. सीट ओली झाली की मालक कापडाकडे बोट दाखवतो, गॅरेजवाला पूर्ण छत बदलायचं कोटेशन देतो, नवं कापड बसतं आणि पुढच्या पावसात गाडीत पुन्हा पाणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कापडाच्या छताच्या दुरुस्तीत शिवणकाम कमी आणि शोधकाम जास्त असतं.

छतात नेमकं काय असतं

कापड दोन प्रकारचं. एक व्हिनाइल, म्हणजे साध्या भाषेत रेक्झिन: कापडाच्या पाठीवर पीव्हीसीचा थर. जुन्या एमएक्स-५ ला हेच असायचं. दुसरं कॅनव्हास, जे महागड्या गाड्यांत असतं. त्यात तीन थर असतात: वर विणलेलं अॅक्रिलिक, मध्ये ब्यूटाइल रबराचा पातळ पडदा, खाली अस्तर. काही गाड्यांत याच्याही खाली उष्णता आणि आवाज अडवणारा जाड थर आणि मग आतलं दिसणारं अस्तर असतं.

या कापडाशिवाय सांगाडा, त्याचे सांधे, कडेने जाणाऱ्या ताणाच्या वायर, इलॅस्टिकचे पट्टे, पुढच्या काचेवर बसणारं रबरी सील आणि मागची खिडकी. यातला प्रत्येक भाग वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या वयात खराब होतो.

ओलं दिसणं म्हणजे गळणं नव्हे

नव्या कॅनव्हासवर पाण्याचे मोती होऊन ओघळतात. दोन-तीन वर्षांनी तसं होत नाही, कापड पाणी पितं आणि गडद दिसायला लागतं. लोक इथेच घाबरतात. पण पाणी अडवायचं खरं काम मधला रबराचा पडदा करतो, वरचं कापड नाही. वरचा पाणी झटकणारा लेप गेला असेल तर छत स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून कापडासाठीचा वॉटरप्रूफिंग स्प्रे मारायचा. हे दुरुस्तीत मोडत नाही, देखभालीत मोडतं. मात्र दुर्लक्ष केलं तर ओलसर कापडात धूळ आणि शेवाळ धरतं आणि मग कापड खरंच कुजायला लागतं.

एक अपवाद आहे: शिवण. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक त्या रबराच्या पडद्यातूनही आरपार जातं. कारखान्यात शिवणीवर आतून पट्टी लावून ती सील करतात. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिएस्टरचा दोरा कापडाच्या आधी कुजतो. कापड धडधाकट आणि शिवण उसवलेली, असं जुन्या छतात नेहमी दिसतं. अशा वेळी छत न बदलता फक्त तेवढी शिवण नव्याने घालता येते. चांगले कारागीर त्यासाठी पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा दोरा वापरतात. तो उन्हाने कुजत नाही. शिवताना जुन्याच भोकांतून सुई घालायची असते. नवी भोकं पाडली की गळतीच्या नव्या जागा तयार.

खरा गुन्हेगार: पन्हळ आणि नळ्या

छताच्या मागच्या कडेवरून उतरणारं पाणी जातं कुठे? ते गाडीबाहेर जातं असं वाटतं, पण बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये ते आधी गाडीच्या बॉडीच्या आत शिरतं आणि मग मुद्दाम ठेवलेल्या वाटेने खाली जातं. एमएक्स-५ मध्ये कापडाच्या मागच्या कडेखाली प्लास्टिकची पन्हळ असते. घराच्या कौलांखाली असते तशीच. ती पाणी दोन्ही कोपऱ्यांत नेते. तिथून सीटबेल्टच्या खांबांमागून रबरी नळ्या खाली जातात आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली पाणी सोडतात.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या पानं, माती आणि धुळीने तुंबतात. मग पन्हळ भरून वाहते आणि पाणी सीटमागच्या कार्पेटमध्ये मुरतं. वरून कापड एकदम कोरडं, खाली कार्पेट चिंब! आणि हे नुसतं कुबट वासावर थांबत नाही. पोर्शच्या पहिल्या पिढीतल्या बॉक्सस्टरमध्ये इमोबिलायझरचं कंट्रोल युनिट सीटखाली, अगदी फरशीवर आहे. नळ्या तुंबल्या की पाणी थेट त्या युनिटपर्यंत पोचतं, सेंट्रल लॉक वेड्यासारखं वागायला लागतं आणि गाडी सुरू व्हायलाही नकार देऊ शकते. मूठभर पाचोळ्यामुळे. बटणावर चालणाऱ्या कित्येक गाड्यांत छताचा हायड्रॉलिक पंपही मागे डिकीच्या भागात खालीच असतो, त्यालाही हाच धोका.

साफ कसं करायचं? आधी वरचा कचरा हाताने काढा. मग गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी किंवा तसलीच मऊ, लवचीक वस्तू हळूहळू नळीत सरकवा. लोखंडी तार घालू नका, रबरी नळी आतून फाटते आणि मग दुखणं कायमचं. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारणंही धोक्याचं, कारण नळी सांध्यातून सुटली तर ती पुन्हा बसवायला आतले भाग उघडावे लागतात. शेवटी अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली बघा. काही सेकंदांत धार दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना वेगवेगळं करा. एक नळी साफ असली म्हणून दुसरीही असेल असं नाही.

गळती पकडायची पद्धत

प्रोग्रामर बग शोधताना अर्धा-अर्धा कोड वगळत जातात. इथेही तेच करा. गाडीत सीटवर, फरशीवर आणि दारांच्या कडेला कोरडं वर्तमानपत्र पसरा. एकाला आत मोबाइलचा टॉर्च लावून बसवा. बाहेरून साध्या पाइपने, प्रेशर न देता, खालून वर पाणी सोडत या: आधी मागची कड, मग खिडकीची कड, मग बाजूचं रबर, शेवटी पुढच्या काचेवरचा सांधा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

पाणी टपकतं तीच जागा गळतीची असते असंही नाही. सांगाड्याच्या नळीवरून ते हातभर प्रवास करून मगच पडतं. त्यामुळे ओल्या डागापासून वरच्या दिशेने माग काढत जा.

पुढच्या काचेपाशी गळत असेल तर बहुतेकदा रबर दबलेलं असतं किंवा लॅच सैल झालेलं असतं. रबर ओल्या फडक्याने पुसून त्याला रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, त्याने रबर फुगू शकतं. अनेक गाड्यांत लॅचचा हूक फिरवून पकड थोडी घट्ट करता येते. पाव-पाव फेरा करून बघा. एकदम आवळलं तर सांगाड्यावर ताण येतो.

कापड फाटलं तर

फाटलेल्या जागेचा आधी फोटो काढा, मग छत अर्धवट उघडून बघा की नेमकी तीच जागा कुठे घासते. सांगाड्याच्या सांध्यासमोर भोक पडलं असेल, तर कापडाचा दोष नाही. इलॅस्टिकचा पट्टा ढिला झालाय किंवा कडेची वायर तुटलीय, त्यामुळे दुमडताना कापड आत ओढलं जात नाही आणि दोन दांड्यांमध्ये चिमटतं. पट्टा न बदलता नुसता पॅच लावला तर पॅचसुद्धा त्याच जागी फाटेल. पट्टा त्या मानाने किरकोळ खर्चाचा.

सपाट भागातलं छोटं भोक किंवा चीर मात्र घरीही बुजवता येते. त्याच प्रकारच्या कापडाचा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी सुटतो), आणि फाटलेल्या जागेपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंमी मोठा ठेवा. शक्य असेल तर तो आतून चिकटवा. वाळल्यावरही लवचीक राहणारा कापड-रेक्झिनचा चिकट वापरा. झटपट चिकटणारा सुपरग्लू कडक होतो आणि पहिल्याच घडीला तडकतो. बाथरूमचं सिलिकॉन तर मुळीच नको, कारण त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही आणि पुढचा कारागीर तुम्हाला मनापासून शिव्या देईल.

चीर घडीवर किंवा ताणाच्या कडेला असेल तर पॅच टिकणार नाही. तिथे शिवणकाम लागतं, आणि ते जीपचं हूड किंवा सीट शिवणाऱ्या अनुभवी कारागिराकडे द्यावं.

मागची खिडकी

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये ती मऊ प्लास्टिकची आणि चेनने जोडलेली आहे. छत उघडण्याआधी चेन उघडून ती सपाट पाडायची असते. हे न करता छत मागे ढकललं की प्लास्टिकला घडी पडते आणि तिथेच चीर जाते. थंडीत प्लास्टिक कडक होतं, तेव्हा तर जास्तच. पिवळटपणा पॉलिशने कमी होतो, तडा जात नाही. १९९८ च्या पिढीपासून माझदाने खरी काच दिली.

काचेची तऱ्हा वेगळी. ती कापडाला चिकटवलेली असते आणि काही वर्षांनी कड सुटते. जुना चिकट पूर्ण खरवडून, काच स्वच्छ करून, प्रायमर लावून युरेथेनने पुन्हा चिकटवतात. हे करताना छताचं लॅच सोडून कापड सैल ठेवायचं, नाहीतर चिकट वाळायच्या आधीच ताण काचेला खेचतो.

बटण दाबलं, काहीच होत नाही

आता बटणावर चालणारी छतं. यात एक कंट्रोल युनिट असतं आणि ते ठरलेल्या क्रमाने चालतं: काचा खाली, लॅच उघडलं, मागचं झाकण वर, छत आत, झाकण बंद. प्रत्येक पायरी पूर्ण झाल्याचा निरोप छोटा स्विच किंवा सेन्सर देतो. एक निरोप आला नाही, की पुढची पायरी होत नाही. म्हणजे मोटर ठणठणीत असूनही एका मळलेल्या स्विचमुळे सगळं ठप्प.

म्हणून खर्चात पडण्याआधी फुकटातल्या गोष्टी तपासा. डिकीतला सामान वेगळं ठेवणारा पडदा खाली ओढलाय का? बऱ्याच गाड्यांत तो वर असेल तर छत हलतच नाही. बॅटरी कमजोर आहे का? गाडी ठरावीक वेगापेक्षा जोरात आहे का? मिनीमध्ये ही मर्यादा ताशी ३० किमी आहे. मग मोबाइलवर छताच्या हालचालीचा व्हिडिओ काढा आणि नेमकं कोणत्या पायरीला थांबतं ते बघा. पंपाचा आवाज येतोय पण हालचाल नाही, तर शंका तेलावर किंवा सिलिंडरवर. आवाजच नाही, तर फ्यूज, रिले किंवा सेन्सर.

ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल इथे सहसा कामाचं नाही. ते इंजिनचे कोड वाचतं, छताच्या युनिटपर्यंत पोचत नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचं खास सॉफ्टवेअर लागतं. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत व्हीसीडीएस वापरलं तर छताचं युनिट २६ या पत्त्यावर सापडतं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. अर्ध्यावर थांबलेलं हायड्रॉलिक छत दाब उतरला की अचानक खाली येऊ शकतं. लाकडी टेकू दिल्याशिवाय सांध्यांमध्ये हात घालू नका. आणि तेल फक्त गाडीच्या पुस्तिकेत दिलेलंच भरा. भलतंच तेल, उदाहरणार्थ ब्रेक ऑइल, गेलं तर सिलिंडरची सीलं खराब होतात.

पूर्ण छत कधी बदलायचं

घड्यांवर रबराचा पडदा तडकलाय, शिवणी चार ठिकाणी उसवल्यात आणि कापड आक्रसून लॅच लागतच नाही, असं सगळं एकत्र असेल तर डागडुजीत पैसे घालवू नका. हाताने चालणाऱ्या एमएक्स-५ चं छत दोघं मिळून घरी बदलू शकतात, फक्त पन्हळही त्याच वेळी तपासा, कारण जुनं प्लास्टिक काढताना तडकतं. बटणावर चालणाऱ्या गाडीचं काम मात्र जाणकाराकडेच द्या. तिथे कापड काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी लॅच वेळेवर बसत नाही आणि सेन्सर पुन्हा रुसतो.

पावसाळ्यात ओलं छत दुमडून ठेवू नका. नाइलाज झालाच तर घरी पोचल्यावर लगेच ते पुन्हा बंद करून, ताणलेल्या अवस्थेत, वाळू द्या. कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.